आरपार

घराचं कर्ज फेडण्यात वीस वर्षं जातात, आणि त्या वीस वर्षांत आपण एकदाही कुणाला विचारत नाही, की बाबा रे, ही भिंत कशाची आहे? डोंबिवलीतला हा फ्लॅट घेताना फरशी कुठली, नळ कुठले, ओट्याचा ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावरून आम्ही नवरा-बायको सॅम्पल फ्लॅटमध्ये परक्या लोकांदेखत भांडलो होतो. भिंतीवर भांडलो तेही तिच्या रंगापुरतंच. तिच्या पोटात काय आहे हा प्रश्न पडायला घरात ५५ इंची टीव्ही यावा लागला.

५५ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात, हे दुकानातल्या पोराने सांगितलं तेव्हाच हिच्या भुवया चढल्या.

"मग रुंदी किती?"

"चार फूट, मॅडम."

"म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. मग पैसे अठ्ठेचाळीस इंचांचेच घ्या."

पोरगा मालकाकडे बघायला लागला आणि मालक एसीकडे.

या टीव्हीचं वजन पंधरा किलोच्या आसपास. आमच्या लहानपणीचा २१ इंची डबा यापेक्षा भारी होता. तो उचलायला दोन धडधाकट माणसं लागत आणि तिसरं 'हळू, हळू' म्हणायला. पण तो बिचारा स्टँडवर बसायचा. त्याला शटर होतं, शटरला कुलूप होतं, डोक्यावर क्रोशाचं कापड होतं आणि कापडावर कुणीतरी काश्मीरहून आणलेला शिकारा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर तीसेक वर्षं तरी टीव्ही भिंतीला लावावा असं कुणाच्या मनात आलं नाही, याचं खरं कारण माझ्या मते तंत्रज्ञान नव्हेच. शिकारा कुठे ठेवणार, हा प्रश्न सुटत नव्हता.

कंपनीचा इन्स्टॉलेशनवाला आला. इन्स्टॉलेशन फुकट होतं. भिंतीचं ब्रॅकेट फुकट नव्हतं, आणि ब्रॅकेटशिवाय इन्स्टॉलेशन म्हणजे त्याने खोकं उघडून देणं. मराठवाड्याकडचा, गोड बोलणारा पोरगा. त्याने बोटाने भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, "भिंत कशाची हाय सर?"

"आमचीच आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि विषय बदलला. "हाईट किती घेऊ?"

हा प्रश्न कुटुंबात एकट्याने विचारू नये, सोबत वकील असावा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, असं मी वाचून ठेवलं होतं. मी ते सांगितलं.

"एवढ्या खाली? मुलं हात लावतील," आई म्हणाली. आमच्या घरातलं सगळ्यात लहान मूल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण आईचा खरा मुद्दा दुसराच होता. "यांच्या फोटोच्या वर टीव्ही नको. आणि फार खालीही नको. यांना तिथून दिसला पाहिजे."

हिला टीव्ही ओट्यापाशी उभं राहून, पोळ्या लाटता लाटता, डायनिंग टेबलावरच्या फळांच्या टोपलीवरून दिसायला हवा होता. मुलगी टीव्ही बघते ती आडवी पडून, पाय सोफ्याच्या पाठीवर टाकून. तिच्या हिशोबाने टीव्ही उलटा लावला तरी चाललं असतं. आपल्याकडे कुठलीही आदरणीय वस्तू उंचावर लावायची पद्धत आहे. त्यामुळे टीव्ही चढत चढत छताखाली जातो, आणि मग मालिका बघताना मानेला पट्टा लावून बसलेली माणसंही मी पाहिली आहेत. पोरगा पेन्सिल घेऊन उभा होता. आम्ही बोलू तसतशी त्याची पेन्सिल वर-खाली होत होती आणि भिंतीवर खुणा वाढत होत्या. शेवटी चौघांच्याही गैरसोयीची एक उंची ठरली.

आता भोक. पोराने आमच्याकडून एका लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट मागून घेतलं, त्याची जीभ उघडून ते भोकाच्या जागेखाली चिकटपट्टीने डकवलं, म्हणजे भुकटी फरशीवर न पडता पाकिटात पडते. हे मला फार आवडलं. त्या लग्नाला आम्ही आहेर केला होता, पण त्यातून आम्हाला मिळालेली ही पहिली उपयोगाची वस्तू.

"लाल निघाली तर वीट," तो म्हणाला, "करडी निघाली तर काँक्रीट."

"आणि पांढरी?"

"पांढरी निघाली तर मग बघू."

पांढरी निघाली. आधी जरा वेळ वाटलं की हा नुसता जिप्समचा गिलावा असेल, खाली काहीतरी भारदस्त लागेल. पाकीट भरत आलं तरी पांढरीच. त्याने गिट्टी बसवली, म्हणजे ती प्लॅस्टिकची नळी, आणि तिच्यात स्क्रू पिळायला घेतला. स्क्रू फिरला, त्याच्याबरोबर गिट्टी फिरली, आणि दोघं हातात हात घालून बाहेर आले.

"सिपोरेक्स हाय सर. गिट्टी धरंना गेलीय." त्याने बॅगेतून एक कागद काढला. "तुमच्या जबाबदारीवर असंल तर लावतो. हितं सही करा."

कागदावर लिहिलेलं होतं की टीव्ही पडल्यास कंपनी, वितरक, दुकानदार आणि हा पोरगा यांपैकी कुणाचाही त्याच्याशी संबंध राहणार नाही. भिंत आमची, टीव्ही आमचा, गुरुत्वाकर्षणही आमचंच. मी सही केली नाही. तो एक भोक, तीन पेन्सिलीच्या खुणा आणि भरलेलं पाकीट ठेवून गेला.

बातमी खालच्या मजल्यावर पोचली. तिथे एक निवृत्त इंजिनिअर राहतात. निवृत्त इंजिनिअर असणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. काकांनी पाकिटातली भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि आमच्या भिंतीची कुंडली सांगितली. ही वीट स्वीडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी शोधून काढली. चुना, सिमेंट, वाळू किंवा राख यांच्या काल्यात ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, त्यातून वायू सुटतो, काला फुगतो, मग वाफेवर शिजवतात. आत अनारशासारखी जाळी पडते. लाल विटेच्या मानाने वजन तिसरा हिस्सा, त्यामुळे उंच इमारतीवरचा भार कमी होतो, घरात उकडतंही कमी.

"पाण्यात टाकली तर तरंगते," काका अभिमानाने म्हणाले.

"भिंत?" आईने विचारलं. आणि मग माझ्याकडे वळून, "तू तरंगणारं घर घेतलंस?"

आता इथे माझा मेव्हणा येतो. तो ठाण्याला घोडबंदर रोडवर टॉवरमध्ये राहतो. तिथे सगळ्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. स्वतःचा टीव्ही लावताना त्याने त्या भिंतीवर इतकी ड्रिल बिटं बोथट केली, की हार्डवेअरवाला त्याला आता नावाने ओळखतो. त्या युद्धानंतर त्याला जगातल्या कुठल्याही भिंतीची भीती उरलेली नाही. सेलमध्ये घेतलेली ड्रिल मशीन, तिची लाल पेटी आणि पेटीत उतरत्या क्रमाने झोपवलेली बिटं घेऊन तो रविवारी सकाळीच हजर झाला.

"भावोजी, सिपोरेक्स म्हणजे काय, पोरखेळ आहे."

पण आधी परवानगी. लिफ्टमध्ये नोटीस आहे: 'दुपारी २ ते ४ ड्रिलिंग, ठोकाठोकी व तत्सम आवाजास सक्त मनाई.' तत्सम आवाजात काय काय येतं यावर वार्षिक सभेत एकदा दीड तास चर्चा झाली होती. सेक्रेटरींनी अर्ज मागितला.

"किती भोकं?"

"चार."

"सहा लिहा. नंतर वाढतात."

मग प्रश्न आला वायरींचा. भिंतीच्या आत वायरी कुठून गेल्यात याचा नकाशा बिल्डरकडे असतो म्हणतात, तो कुणी पाहिलेला नाही. वायरमन लोकांचा साधा दंडक असा, की वायर बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी जाते, तिरकी सहसा नाही; तेव्हा बोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडू नये. तेवढं टाळूनही हॉलची वीज बंद करावी, असं काकांचं म्हणणं पडलं. दारामागच्या डब्यात आठ बटणं आहेत. कुठलं कशाचं हे बिल्डरच्या वायरमनने बॉलपेनने लिहिलं होतं आणि आमच्या मावशींनी ते पहिल्याच दिवाळीत स्वच्छ पुसून काढलं. मी डब्यापाशी, मेव्हणा हॉलमध्ये.

"गेली का?"

"नाही. फ्रिज गेला."

"आता?"

"गिझर. ताई आंघोळीला गेलीय वाटतं."

"आता?"

आतल्या खोलीतून मुलीची किंकाळी आली. वायफाय गेलं होतं.

वैतागून मेव्हण्याने येऊन मेन स्विचच खाली केला. घर शांत झालं. पंखे थांबले. त्याने मुलीचा पोहण्याचा गॉगल डोळ्यांवर चढवला, नाकावर रुमाल बांधला, मशीन खुणेवर टेकवली, पाय रोवले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पिन हलवून पाहिली. ड्रिल मशीन उलटी करून तिच्याकडे रोखून पाहिलं.

"अरे, लाइट कुठे आहेत?" आई म्हणाली.

मग समोरच्या फ्लॅटमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढला. वीज समोरच्या काकूंची असल्यामुळे त्यांची मतंही आली. टीव्ही दुसऱ्या भिंतीला हवा होता, असं त्यांचं पहिलं मत. एक्स्टेंशनची गाठ सुटेपर्यंत इंजिनिअर काकांनी सगळ्यांना गिट्टीचा इतिहास सांगून घेतला. पूर्वी सुतार भिंतीत भोक खणून लाकडाची खुंटी ठोकायचे, मग तिच्यात स्क्रू. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये दिव्यांची कामं करायची होती, भिंतींची नासधूस न करता. तेव्हा जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास ही युक्ती काढली. आपण रॉल प्लग म्हणतो तो त्याचा.

"पहिली गिट्टी कशाची होती, सांगा? तागाचे तंतू आणि चिकटवायला जनावराचं रक्त."

आईने पदर तोंडाला लावला. "आपल्या भिंतीत?"

"आता नायलॉनची येते हो."

"तरी विचारून घे," आई मला म्हणाली.

पुढचं सगळं फार पटकन झालं. सिपोरेक्सला ड्रिलची हॅमरची कळ बंद ठेवायची असते, नाहीतर भोक हवं त्याच्या दीडपट होतं. काका ते सांगत होते. पण मेव्हण्याचे हात घोडबंदरच्या काँक्रीटवर तयार झालेले. त्याने हॅमर चालू ठेवून सगळं अंग मशीनवर टाकलं. घोडबंदरची भिंत असं अंग टाकलं की परत ढकलते. आमच्या भिंतीने त्याला आत घेतलं. बिट सहा इंच, भिंत चार इंच. मशीन दांड्यापर्यंत आत गेली आणि मेव्हण्याचं नाक भिंतीला टेकलं. हॉलमधला आवाज बारीक झाला आणि बेडरूममधून वेगळाच आवाज यायला लागला, घरघर आणि त्यात हँगरांची खडखड.

त्या भिंतीच्या पलीकडे हिचं कपाट आहे.

ही केस पुसत बाथरूममधून बाहेर येत होती. तिने आवाज ऐकला, दिशा ओळखली, टॉवेल टाकला.

"माझी पैठणी!"

आम्ही सगळे धावलो, एक्स्टेंशनला अडखळून समोरच्या काकूही. कपाट उघडलं. पाठीच्या प्लायवूडमधून ड्रिलचं टोक दोन बोटं बाहेर आलेलं, त्याभोवती पैठणी गुंडाळलेलं मलमलचं फडकं चांगलं पिळून बसलेलं, आणि साड्यांच्या थप्पीवर पांढऱ्या भुकटीचा थर. पैठणीच्या पदरावरचा मोर आणि ते टोक यांच्यात एक बोट अंतर होतं. हिने पैठणी खिडकीपाशी नेली, घडी घडी उलगडून उजेडात धरली, हाताने चाचपली. एक धागा निघालेला नव्हता. मेव्हणा गॉगल कपाळावर सरकवून उभा होता.

"ताई, थोडक्यात वाचली बघ," तो म्हणाला.

"कोण, पैठणी?" हिने विचारलं. "का तू?"

त्या शांततेत इंजिनिअर काकांनी भोकाला डोळा लावला. त्यांना बेडरूममधून आमचा हॉल दिसत होता, आणि त्या दृश्यावर ते फार खूश झाले. "झालं ते उत्तम झालं," ते म्हणाले. "एवढ्या पातळ सिपोरेक्सला हाच मार्ग. आता आरपारच जा." म्हणजे भिंतीतून सळ्या पलीकडे काढायच्या आणि मागून लोखंडी पट्ट्या लावून नट आवळायचे. भार एका बिंदूवर न येता पट्टीभर पसरतो. स्क्रूने जाळीला धरून राहण्याचा प्रश्नच येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मी 'वॉशर' मागितला तर दुकानदाराला कळेना. 'वायसर' म्हटल्यावर लगेच मिळाला. आठ एमएमचा थ्रेड रॉड, नट, वायसर, आणि बाजूच्या फॅब्रिकेटरकडून भोकं पाडून घेतलेल्या दोन पट्ट्या. टीव्हीच्या किमतीच्या मानाने हा खर्च इतका किरकोळ होता, की हिला तो संशयास्पद वाटला.

दुपारी चार वाजून एक मिनिटाने काम पुन्हा सुरू झालं. मी कपाटात शिरलो. डांबरगोळ्यांचा वास, डोक्यावर शालूचा पदर, हातात पाना. मेव्हणा भिंतीपलीकडे हॉलमध्ये.

"धरलंत का?"

"धरलं."

"फिरवा!"

"कुठल्या बाजूला?"

"घड्याळाच्या काट्याच्या!"

"तुझ्या बाजूच्या घड्याळाच्या, की माझ्या?"

भिंतीपलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मी इकडून आवळत होतो आणि तो तिकडून तेवढंच सोडत होता. सळी दोघांच्या मध्ये निमूटपणे जाऊन-येऊन करत होती. अखेर काकांनी दरवाजात उभं राहून दोन्ही खोल्यांची वाहतूक हातात घेतली. "फार आवळू नका, भिंत चेपेल!" हे ते दर अर्ध्या फेऱ्याला ओरडत होते.

ब्रॅकेट बसलं. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं, त्याला व्हेसा म्हणतात, आणि ब्रॅकेट त्या मापाचं असलं की जुळतं. आमचं जुळलं. दिवसभरात विनातक्रार झालेली ही एकच गोष्ट, म्हणून मला तिच्यावर विश्वास बसेना. ब्रॅकेटबरोबर मुठीत न मावेल एवढ्या स्क्रूंची पुडी आली होती. त्यातले चार लागले. लांब स्क्रू लावला तर पाठीतून आतल्या सर्किटला टोचतो, म्हणून आखूड शोधून लावले. उरलेले श्रीखंडाच्या डब्यात गेले. त्या डब्यात आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंचे उरलेले स्क्रू आहेत. मी वारल्यावर मुलगी तो डबा उघडेल आणि माझ्याविषयी तिचे काही गैरसमज होतील.

टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेटची परीक्षा घ्यायची होती. टीव्ही पंधरा किलो, मेव्हणा नव्वद. तो दोन्ही हातांनी ब्रॅकेटला लोंबकळला, पाय वर घेतले. भिंत जागची हलली नाही. काकांनी घड्याळात पाहिलं. समोरच्या काकूंनी मोबाइलवर फोटो काढला.

"पुरे," आई म्हणाली. "आता याला उतरवा आणि टीव्ही लावा."

टीव्ही लागला आणि तिरका दिसला. काकांनी खालून गवंड्याची खरीखुरी पाणसळ आणली. बुडबुडा बरोबर मधोमध. मुलीने मोबाइल ठेवून पाहिला: शून्य अंश. तरी तिरका. मग पाणसळ फॉल्स सीलिंगच्या कडेला लावली तेव्हा उलगडा झाला. टीव्ही सरळ होता, छताची कड उतरती होती, आणि डोळा बिचारा जवळच्या कडेशी ताडून बघतो. आता दोनच मार्ग होते: टीव्ही छताइतका वाकडा करायचा, किंवा तो सरळ ठेवून आल्यागेल्याला पाणसळ दाखवायची. काका सत्याच्या बाजूने होते. बहुमत दिसण्याच्या बाजूने गेलं. आमचा टीव्ही आता वाकडा आहे आणि सरळ दिसतो.

पहिले काही दिवस त्याच्याखालून कुणी जात नव्हतं. आईने टीव्हीखाली जुनी गोधडी चौपदरी घालून ठेवली, पडला तर मऊ पडावा म्हणून. टीव्ही बंद केला की गार होताना त्याचं प्लॅस्टिक आकसतं आणि टक् असा आवाज होतो, हे मला ठाऊक होतं. पण रात्री बारा वाजता ते आठवत नाही. त्या टक्सरशी मी उठून हॉलमध्ये जायचो, आई आधीच गोधडीजवळ उभी असायची, आणि आम्ही दोघं एकमेकांना "पाणी प्यायला आलो" असं सांगायचो.

भीती ओसरली, गोधडी धुवायला गेली. टीव्ही छान दिसतो. पण भार पट्टीवर पसरतो, असं जे काका म्हणाले होते, ते पूर्ण खरं नाही. टीव्हीचा सगळा भार आता हिच्या कपाटातल्या, साड्यांच्या कप्प्यामागच्या चार नटांवर आहे. दोन नटांना ती पर्स अडकवते. पाना तिने मागून घेतला आणि पैठणीच्या मलमलीत ठेवला.

परवा मॅच ऐन रंगात होती, शेवटची दोन षटकं. आतून हाक आली, मेथी निवडायची आहे. मी "आलो, आलो" म्हणालो आणि आलो नाही. दुसऱ्यांदा हाक आली नाही. बेडरूममध्ये कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगर सरकल्याचे, आणि मग टीव्हीचा डावा कोपरा, मला वाटतं, किंचित हलला.

जिंकलं कोण हे मला मेव्हण्याने फोनवर सांगितलं. माझे हात मेथीत होते.